सेबचा गर

दात काढलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदे घेऊन येतो. यात येणाऱ्यांचा काही दोष नाही. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, आणि आजारी माणूस म्हटले की आपले पाय आपोआप फळवाल्याकडे वळतात. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझ्या सासऱ्यांचे उरलेसुरले अकरा दात दोन खेपांत काढावे लागले. हिरड्या भरून आल्या की कवळी बसवू, त्याला अडीच-तीन महिने लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आमच्या फ्रीजमध्ये सफरचंदांच्या चार पिशव्या होत्या आणि घरात दात नसलेली दोन माणसे होती. एक, एकाहत्तर वर्षांचे अब्बा. दुसरा, अब्बांची विचारपूस करायला म्हणून महिनाभर राहायला आलेल्या माझ्या धाकट्या नणंदेचा सात महिन्यांचा मुलगा.

अब्बांनी एकतीस वर्षे एस.टी. चालवली. मुक्कामाच्या गाडीवर जे मिळेल ते खाणारा माणूस. शिळी भाकरी, सुके बोंबील, कँटीनचा तिखटजाळ रस्सा, कशालाच कधी नाही म्हटले नाही. मटणाची नळी ताटावर आपटून आतला गाळा काढण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या खानदानात कोणी नाही. अशा माणसाच्या पुढ्यात पातळ खिचडी, दूध आणि यखनी एवढेच उरले. त्याचेही एवढे वाईट वाटले नसते. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांनी दस्तरखानावर बसणेच सोडले. "मला खोलीतच दे, बेटा," म्हणायचे. आधी वाटले दुखत असेल. मग एकदा पाणी द्यायला गेले तेव्हा पाहिले, ते भिंतीकडे तोंड करून खात होते. हिरड्यांनी चघळताना गाल आत जातात, हनुवटी नाकाकडे येते, ओठांतून ओघळते. ते कोणी पाहू नये म्हणून भिंत. मी काही न बोलता तांब्या ठेवला आणि परत आले. पाचव्या आठवड्यात वजन केले तर चार किलोने उतरले होते.

तोपर्यंत मी त्या सफरचंदांशी बरेच झगडले होते. रस काढून दिला, तर तो दोन घोटांत संपला आणि अर्ध्या तासात भूक परत हजर. किसून दिले, तर ताट खोलीत पोहोचेपर्यंत कीस तपकिरी झाला आणि ते बघूनच अब्बांनी वाटी बाजूला सरकवली. मग कुकरमध्ये पाण्यात बुडवून चार शिट्ट्या काढल्या. जे निघाले त्याला काय म्हणावे मला अजून कळलेले नाही. पांढरट पाणी, त्यात तरंगणाऱ्या साली आणि खाली कशाचीच चव नसलेला गाळ.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. उर्दूच्या पहिल्या पुस्तकात मुले "सीन से सेब" म्हणतात, शेजारच्या वर्गात "ए फॉर ॲपल" चालू असते. हे फळ आपल्याला अक्षरओळखीपासून भेटते. पण ते शिजवायचे असते असे कोणी शिकवत नाही. आपल्याकडे सेब शिजतो तो मुरब्ब्यात, आणि तोही बहुतेक वेळा हकिमाच्या दुकानातून चांदीचा वर्ख लावून घरी येतो. 'ॲपलसॉस' हा शब्द मी इंग्रजी गोष्टींत वाचला होता. सॉस म्हटल्यावर डोळ्यांसमोर यायची ती वडापावच्या गाडीवरची लाल बाटली. प्रत्यक्षात हा पदार्थ म्हणजे थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर शिजवून गाळलेला सफरचंदाचा गर. त्यात ना व्हिनेगर, ना मिरची. जर्मनीत तो बटाट्याच्या धिरड्यांबरोबर खातात. हॉलंडमध्ये लहान मुलांच्या ताटात कोंबडी, तळलेले बटाटे आणि शेजारी हा गर, हे नेहमीचे जेवण आहे. अमेरिकेत तर घरोघरी त्याच्या बरण्या भरून ठेवतात. आमच्या घरात त्याला नुसते 'गर' म्हणतात, म्हणून इथेही तेच लिहिते.

मुरब्ब्यात आणि गरात एक मोठा फरक आहे. मुरब्बा टिकतो तो साखरेमुळे. पाक इतका दाट असतो की त्यात जंतूंना वाढायला पाणीच मोकळे मिळत नाही. गरात साखर नाही, म्हणून तो टिकत नाही. ताजा करायचा, चार-पाच दिवसांत संपवायचा.

आता कोणते सफरचंद घ्यायचे. आपल्या बाजारात सर्वात जास्त दिसते ते लालभडक, खाली पाच उंचवटे असलेले डेलिशियस. हे सफरचंद मुळात अमेरिकेचे. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल स्टोक्स 1904 मध्ये हिंदुस्थानात आले, शिमल्याच्या पुढे कोटगढला स्थायिक झाले आणि 1916 मध्ये त्यांनी तिथे या जातीची रोपे लावली. हिमाचलच्या बागांचा आजचा पसारा तिथून सुरू झाला. काश्मीरमध्ये मात्र सफरचंदे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. तिथली अंबरी ही जात अस्सल तिथलीच, गोड आणि सुवासिक, पण आता आपल्यापर्यंत क्वचितच येते. डेलिशियस कापून खायला छान, शिजवायला मात्र मध्यम. त्यात आंबटपणा कमी, त्यामुळे शिजल्यावर चव सपाट लागते. पिवळे गोल्डन मिळाले तर सोने. ते लवकर विरघळते आणि त्याचा वास शिजल्यावरही राहतो. हिरवे, आंबट ग्रॅनी स्मिथ एकटे घेतले तर तोंड वाकडे होईल, पण तीन लाल किंवा पिवळ्यांमागे एक हिरवे घातले की चव भरून येते. हिरवे मिळाले नाही तर लिंबू आहेच. आमच्या चार पिशव्यांत सगळे लालच होते, तेव्हा माझा पहिला गर लिंबावरच निभावला.

विकत आणायची वेळ आली की मी आठवडी बाजारात संध्याकाळी जाते आणि डागी माल मागते. पेटीत दाबली गेलेली, एका बाजूने मऊ पडलेली सफरचंदे फळवाला बाजूला काढून ठेवतो आणि जवळजवळ निम्म्या भावात देतो. गरासाठी ती उत्तम. फक्त डागी आणि सडके यांतला फरक ओळखायला हवा. मार लागून तपकिरी झालेला भाग कापून टाकला की काम झाले. पण जिथे बुरशी धरली आहे, आत भुरकट कुजलेले आहे, आंबूस वास येतो आहे, ते अख्खे फळ टाकून द्यायचे. कुजक्या सफरचंदात बुरशीमुळे पॅट्युलिन नावाचे विष तयार होते, ते आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या भागातही उतरू शकते आणि शिजवल्याने पूर्ण जात नाही. "उकळलं की सगळं मरतं," असे आपण म्हणतो, ते इथे खरे नाही.

एक किलो म्हणजे साधारण सहा-सात फळे. कोमट पाण्यात हाताने चोळून धुवायची, म्हणजे वरचा मेणाचा थर बराचसा निघतो. प्रत्येकाच्या चार फोडी करून मधला कडक भाग आणि बिया काढून टाकायच्या. बियांबद्दल कंटाळा करू नका. एखादी बी अख्खी गिळली गेली तर काही होत नाही, पण वाटल्या गेल्यावर त्यांतून सायनाइड सुटते. प्रमाण थोडे असले तरी ते लहान मुलाच्या वाटीत कशाला? साल मात्र राहू द्यायची. सालीत रंग आहे आणि दाटपणा देणारे द्रव्यही आहे. लाल सालीसकट शिजवलेला गर फिकट गुलाबी होतो. साल काढून केला तर तो पांढरट पिवळा दिसतो, आणि आजाऱ्याच्या पुढ्यात रंगालाही किंमत असते.

जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्यायचे. ॲल्युमिनियमचे नको, कारण आंबट पदार्थ त्या धातूला लागतो. फोडी, अर्धी वाटी पाणी, अर्ध्या लिंबाचा रस आणि हवा असेल तर बोटाच्या पेराएवढा दालचिनीचा तुकडा. अर्धी वाटीच. माझी कुकरमधली चूक हीच होती की मी सफरचंदांना बटाटे समजले. सफरचंदाला स्वतःचेच पाणी भरपूर असते, वरचे पाणी फक्त सुरुवातीला तळ लागू नये म्हणून. झाकण ठेवायचे, आच मंद करायची आणि दर पाच मिनिटांनी तळापासून हलवायचे. वीस-पंचवीस मिनिटांत साली सुटू लागतात आणि फोड डावाने सहज दबते. तळाशी पाणी दिसत असेल तर झाकण काढून आणखी चार मिनिटे. मग दालचिनी काढून टाकायची.

आणि आता ज्या यंत्रासाठी परदेशी घरांतल्या बायका वेगळे पैसे मोजतात, ते आपल्या माळ्यावर आधीच पडलेले आहे. पुरणयंत्र! बारीक भोकांची चकती लावून कोमट फोडी त्यातून फिरवल्या की गर खाली आणि साली वर. पुरणयंत्र नसेल तर सूपची स्टीलची गाळणी आणि वाटीचे बूड, थोडा जोर लागतो एवढेच. मिक्सर मी शेवटचा उपाय म्हणून सांगेन. त्यासाठी साली आधी काढाव्या लागतात, आणि जास्त फिरवले की गराचा दाणेदारपणा जाऊन खळीसारखा चिकटा होतो. पुरणयंत्रातून निघालेल्या गरात जिभेला काहीतरी लागते. दात नसलेल्या माणसाला ते हवे असते, नाहीतर सारखे काहीतरी पीतच आहोत असे वाटत राहते. एक किलोचा साधारण तीन वाट्या गर होतो.

गरम असताना तो पातळ वाटला तरी घाबरू नका, गार झाल्यावर धरतो. सफरचंदाच्या पेशींच्या भिंतींत पेक्टिन असते, ते शिजताना सुटते आणि गार होताना दाटपणा आणते. जॅमसाठी पेक्टिन पुरवणारे कारखाने रस काढून उरलेल्या सफरचंदाच्या चोथ्यातून आणि लिंबू-संत्र्याच्या सालींतून हेच पेक्टिन काढतात. बाजारच्या जेलीचे पाकीट हातात घेतले की आपल्या बायका आधी जिलेटिन शोधतात, आणि ते कोणत्या जनावराचे, हा प्रश्न उभा राहतो. इथे तो प्रश्नच नाही. धरून ठेवणारे जे काही आहे ते झाडाचेच. लिंबाचे काम वेगळे. कापलेले सफरचंद हवेतल्या ऑक्सिजनने तपकिरी होते, आणि ते घडवून आणणारे फळातले द्रव्य आंबटात मंदावते, शिजल्यावर बंद पडते. किसाचे जे झाले ते म्हणूनच गराचे होत नाही.

एवढे सगळे नीट जमले त्या दिवशी मी एक चूक केली. हाताला लागली म्हणून बाळाची छोटी वाटी घेतली, त्यात गर घातला आणि अब्बांना दिला. पलीकडच्या खोलीत नणंद तोच गर तसल्याच वाटीतून मुलाला भरवत होती. अब्बांनी आधी तिकडे पाहिले, मग आपल्या हातातल्या वाटीकडे. "ये तो मुन्ने का खाना है," एवढेच म्हणाले आणि वाटी माझ्या हातात परत दिली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे वाटले असते.

रात्री मी ह्यांना सांगितले. ते म्हणाले, उद्या समजावतो. मी म्हटले, समजावू नका, तुम्ही सगळे तेच खा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलांसाठी कोंबडी तळली. गरात चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडी मिरपूड घातली आणि ईदला काढतो तो काचेचा मोठा बाऊल दस्तरखानाच्या मधोमध ठेवला. बाळाचा वाटा मसाला घालण्याआधीच काढून ठेवला होता. अब्बांसाठी दोनदा बारीक केलेला खिमा आणि दुधात कणीक मळून केलेल्या नरम पोळ्या. ते खोलीच्या दारातल्या खुर्चीवर बसून बघत होते. माझा आठवीतला मुलगा गराबरोबर कोंबडी खाऊन म्हणाला, भारी लागतंय. मग मी, मास्तरणीची सवय म्हणा, माहिती सांगायला सुरुवात केली. 1962 च्या फेब्रुवारीत जॉन ग्लेन हा अमेरिकन अंतराळवीर यानातून पृथ्वीभोवती फिरला, तीन फेऱ्या, जवळजवळ पाच तास. वजनच नसलेल्या जागी माणसाला घास गिळता येईल की नाही, अशी डॉक्टरांना शंका होती. तेव्हा त्याने तिथे टूथपेस्टसारख्या ट्यूबमधून पिळून जे खाल्ले ते हेच, सफरचंदाचा गर. मुले थांबली. आणि दारातून प्रश्न आला :

"और गाडी कौन चला रहा था?"

आम्ही सगळे हसलो, तेही हसले. दात काढल्यापासून त्यांना तोंड उघडून हसताना मी पहिल्यांदा पाहिले. मुलाने सरकून जागा केली. ते येऊन बसले, भिंतीकडे नाही, आमच्याकडे तोंड करून. नरम पोळीच्या घासाबरोबर खिमा आणि वर चमचाभर गर, असे त्यांनी स्वतःच जमवले. खिम्याच्या तिखटाला तो गोडसर-आंबट गर फार चांगला लागतो. हे जोडकाम माझे नाही, त्यांचे आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मीही त्या आनंदात काही दिवस वाहवले. गर म्हणजे जेवण नव्हे. बिनसाखरेच्या शंभर ग्रॅम गरात चाळीसएक कॅलरी असतात आणि प्रथिने जवळजवळ नाहीत. वजन उतरलेल्या माणसाला नुसता गर देत राहिलो तर तो खूश राहील आणि बारीक होत जाईल. अब्बांचे वजन परत चढले ते मऊ अंडे, घट्ट वरण, खिमा, साय काढून न घेतलेले दही आणि गरात मिसळलेली बदामाची पूड यांनी. गराने एवढेच केले की हे सगळे गिळायला सोपे झाले आणि खायची इच्छा परत आणली. आणखी एक. ज्यांना पक्षाघातानंतर किंवा दुसऱ्या आजारामुळे गिळतानाच ठसका लागतो, त्यांची गोष्ट दात नसण्यापेक्षा वेगळी आहे. त्यांच्यासाठी किती दाट, किती पातळ, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मधुमेह आहे. बिनसाखरेचा म्हटल्यावर त्यांनीही वाटी पुढे केली. फळाची स्वतःची साखर असतेच, ती गरात कुठे जात नाही. 1977 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. दहा निरोगी माणसांना सारख्याच साखरेइतके अख्खे सफरचंद, त्याचा गर आणि त्याचा रस असे वेगवेगळ्या वेळी दिले. पोट भरल्याचे समाधान सर्वांत जास्त अख्ख्या फळाने, मग गराने, सर्वांत कमी रसाने. रक्तातली साखर तिन्हींनी सारखीच चढली, पण गर आणि रस घेतल्यावर शरीराला इन्सुलिन जास्त सोडावे लागले. म्हणजे सफरचंदाचे काम जेवढे आपले दात करतील तेवढे चांगले. अम्मींचे दात शाबूत आहेत. त्यांना आम्ही सालीसकट फोडी देतो आणि त्या रोज एकदा तरी तक्रार करतात की मियाँला एक आणि बीबीला एक, हा कुठला न्याय.

बाळाचे काय, हे बऱ्याच भगिनी विचारतील. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीने असा गर देता येतो. त्यात साखर नाही, मीठ नाही, सुरुवातीला दालचिनीही नाही. आधी दोन-तीन चमचे, दोन-तीन दिवस तोच पदार्थ, काही पुरळ वा जुलाब झाले नाहीत तर पुढे. गोडी यावी म्हणून मध घालू नका. आपल्या अनेक घरांत बाळाला मध चाटवतात, त्यामागची भावना मी जाणते. पण मधात असू शकणाऱ्या एका जंतूचे विष वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात तयार होऊ शकते आणि ते जिवावर बेतते. वर्ष होऊ द्या, मग मध आहेच. कच्च्या सफरचंदाची फोड बाळाच्या हातात देऊन समोरून उठूनही जाऊ नका, तिचा तुकडा घशात अडकतो. आणि मुलाला जुलाब लागले की "सेब उकडून दे" असे शेजारीण सांगेल. द्यायला हरकत नाही, पण आधी ओ.आर.एस., आईचे दूध चालू आणि लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले तर दवाखाना. गराने जुलाबात गेलेले पाणी आणि क्षार भरून निघत नाहीत.

साठवणुकीचे थोडक्यात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. ओला चमचा घातला की दोन दिवसही नाही. जास्त झाला तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवायचा आणि वड्या पिशवीत भरून ठेवायच्या, दोन-तीन महिने सहज राहतात. रमजानमध्ये इफ्तारच्या फ्रूट चाटसाठी चिरून उरलेली सफरचंदे दुसऱ्या दिवशी कोणी खात नाही, मी ती लगेच पातेल्यात टाकते. सहरीला दह्यात दोन वड्या घातल्या की झोपेतल्या मुलांच्याही घशाखाली उतरतात. केकमध्ये निम्म्या तेलाऐवजी गर घातला तर केक मऊ होतो. सगळे तेल काढून मात्र पाहू नका. मी पाहिले होते. तो केक अब्बांना दात असते तरी चावला नसता.

डिसेंबरात कवळी आली. पहिले पंधरा दिवस ती जास्त वेळ पाण्याच्या भांड्यातच असायची. मग हळूहळू जमले. समोरच्या दातांनी तोडायचे नाही, पातळ काप करून दोन्ही बाजूंनी चावायचे, हे डॉक्टरांनी शिकवले आणि अब्बा आता सफरचंदाचे काप खातात. नळीचे मटणही आले आहे, गाळा काढायचे काम मात्र नातवाकडे गेले आहे. गर बंद होईल असे मला वाटले होते. झाला नाही. खिम्याच्या दिवशी तो लागतोच.

मागच्या महिन्यात अब्बांच्या डेपोतल्या एका जुन्या सोबत्याचे सगळे दात काढल्याचे कळले. अब्बा भेटायला निघाले तेव्हा ह्यांनी विचारले, वाटेत थांबून फळे घेऊ या का? "त्याच्याकडे सेब ढीगभर आले असतील," अब्बा म्हणाले. त्यांच्या एका हातात स्टीलचा डबा होता. दुसऱ्या हातातल्या कापडी पिशवीतून काहीतरी खडखडले म्हणून मी डोकावून पाहिले, तर आत माझे पुरणयंत्र होते, बारीक चकतीसकट.